मुंबई पोलिसांचा वाढदिवस नक्की कधीचा? १६६९, १७७९, १८५६ की १८६४?

चाळकरी
परवा भाच्याला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेलो होतो (महात्मा फुले मंडई, हो, पण तोंडात जुनंच नाव बसलंय). त्याच्या शाळेच्या प्रोजेक्टचं सामान घ्यायचं होतं, चार्ट पेपर, स्केचपेन वगैरे. समोर पोलीस आयुक्तालयाची ती दगडी इमारत. पोरगं आठवीत, विचारतंय "मामा, मुंबई पोलीस कधी सुरू झाले?" मी तोऱ्यात ठोकून दिलं, १८६४. घरी येऊन म्हटलं खात्री करू, तर डोकंच गरगरलं. एकीकडे १६६९, गव्हर्नर जेराल्ड आँजियरने उभी केलेली भंडारी पलटण. मग १७७९, लेफ्टनंट ऑफ पोलीस. मग १८५६ चा कायदा. मग १८६४, फ्रँक साउटर, पहिला पोलीस कमिशनर. आणि एस. एम. एडवर्ड्स नावाच्या माजी कमिशनरने १९२३ साली या खात्याचा इतिहास लिहिला, त्या पुस्तकाच्या नावातच '१६७२ ते १९१६' असं आहे. म्हणजे पाचवं साल.

नुसतं साल नकोय मला, ते कुठेही मिळेल. तुमच्या मते "हां, आता हे खरं पोलीस खातं झालं" असं कुठल्या टप्प्याला म्हणायचं? आणि का?

खडूस_काका
१८६४. १४ डिसेंबर. त्या दिवशी साउटर कमिशनर झाला आणि पुढे २४ वर्षं खुर्चीवर होता. विषय संपला, धागा बंद करा.

भंडारी_बोलतोय
काका, असा कसा संपला? आमचे पूर्वज काय गोट्या खेळत होते? आँजियरच्या वेळी साधारण ५०० भंडारी होते पलटणीत, आणि ठाणी माहीम, शिवडी आणि शीव. नकाशा काढून बघा, बेटाच्या उत्तरेकडून आत शिरायच्या वाटा तिथेच. समोर साष्टी पोर्तुगीजांकडे, खाडीतून होड्या कधीही येणार. माडावर चढणारे लोक, हात दगडासारखे, रात्रीबेरात्री फिरायची सवय. पहारेकरी म्हणून यांच्यापेक्षा चांगले कोण मिळणार होते? नाव पोलीस नसेल, काम तेच होतं.

खडूस_काका
पहारा म्हणजे पोलीस नव्हे. आमच्या सोसायटीचा वॉचमनपण पहारा देतो.

टवाळ_टिंग्या
तुमच्या सोसायटीचा वॉचमन जागा असतो??

मीरा_पार्ले
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. भंडारी पलटण ही अर्धी लष्करी भानगड होती, ज्यांच्या जमिनी त्यांनी माणसं पुरवायची असा मामला. आँजियर गेल्यावर ती ढेपाळली, १६८२ पर्यंत म्हणे सगळ्या पलटणीला एक एन्साइन, तीन सार्जंट आणि दोन कॉर्पोरल एवढेच अधिकारी उरले. पगाराची बोंब, लक्ष द्यायला कोणी नाही.

१७७९ ला लेफ्टनंट ऑफ पोलीस हे पद आलं, त्यावर जेम्स टॉड. इथून 'पोलीस' हा शब्द आला म्हणून काही जण हे साल धरतात. पण या पहिल्या साहेबांवर १७९० मध्ये लाचखोरीचा खटला चालला आणि नोकरी गेली. बरं हा एकटा नाही. नंतर सुपरिंटेंडंट ऑफ पोलीस हे पद काढलं, त्यावरच्या चार्ल्स ब्रिस्कोवरही १८१० ला तसाच खटला. वीस वर्षांत दोन प्रमुख त्याच कारणाने कोर्टात. खात्याचा पाळणा हलला तो असा.

टवाळ_टिंग्या
म्हणजे परंपरा जुनी आहे 😂

पुणेरी_चिवडा
मीराताई, १७९० वाचून एक आठवलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७९१ ला, आमच्या पुण्यात घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारला. त्याच्या कोठडीत दाटीवाटीने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, त्यावरून शहर पेटलं. म्हणजे एकाच काळात दोन शहरांत पोलीसप्रमुखाचा हिशेब झाला, मुंबईत कोर्टात आणि पुण्यात रस्त्यावर. आता यातलं आधुनिक कुठलं ते तुम्हीच ठरवा, आम्ही काही बोलणार नाही, आमचं आधीच नाव खराब आहे.

आणि जाता जाता, पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळालं थेट १९६५ ला. तोपर्यंत आम्ही शिस्तीतच होतो, गरज पडली नाही.

खडूस_काका
शिस्त!! लक्ष्मी रोडवर एकदा गाडी घालून बघा म्हणावं.

शिवडीकर
कोणीतरी १७९३ चंही बोला. त्या वर्षी बेटाचे १४ पोलीस विभाग पाडले, प्रत्येकाला दोन कॉन्स्टेबल (गोरे) आणि हाताखाली शिपाई, सगळे मिळून १३० च्या आसपास. चाळकरी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. 'हा तुकडा तुझा, इथे काही झालं तर तू जबाबदार', हे ठरलं की खातं सुरू झालं. आजचा बीट अंमलदार याच कल्पनेवर उभा आहे. बाकी पदांची नावं काय, बदलत राहतात.

अदिती_एन
पण त्या काळात पोलीस म्हणजे चोर पकडणं एवढंच नव्हतं ना, गटारं, रस्ते, कुत्री, सगळंच. १८३२ ची कुत्र्यांची दंगल कोणाला माहितीये का?

टवाळ_टिंग्या
कुत्र्यांनी दंगल केली?

अदिती_एन
कुत्र्यांवरून झाली. मुंबईत भटकी कुत्री फार झाली म्हणून सरकारने मारायचा हुकूम काढला, आणि पोलिसांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हणजे तेव्हाच्या शिपायाला चंगळ. मग काय, भटकं कुठलं आणि पाळीव कुठलं कोण बघतंय, दारात बसलेली, अंगणातली, दिसेल ते कुत्रं. पारशी लोकांत कुत्र्याला धर्मात मान आहे, माणूस गेल्यावरही त्याच्यापाशी कुत्रं आणतात. जून १८३२ ला फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, पोलिसांना चोपलं, दुकानं बंद, गोऱ्या पलटणीचं खाणंपिणं अडवलं. शेवटी लष्कर आणावं लागलं.

मला यात इंटरेस्टिंग काय वाटतं, तर नगावर पैसे दिले की काय होतं ते १८३२ मध्येच दिसलेलं आहे. तरी अजून आपल्याकडे "महिन्याला इतक्या पावत्या फाडा" चालूच आहे असं ऐकते.

मोडी_वाचक
विषयांतर मस्त आहे पण पुढे चला, फोर्जेटबद्दल कोणीच काही बोललं नाही अजून?

ताडदेवचा_बाळ
मीच बोलणार होतो, लहानपण फोर्जेट स्ट्रीटला गेलं आमचं. शाळेत असताना वाटायचं फोर्जेट म्हणजे 'विसरा', असा कसला रस्ता! नंतर कळलं हा चार्ल्स फोर्जेट.

माणूस जबरी होता. भारतातच वाढलेला, मराठी, हिंदुस्थानी अस्खलित, वर्ण असा की पागोटं घातलं की बाजारात सहज मिसळून जाणार. १८५५ ला मुंबईच्या पोलिसांची सूत्रं त्याच्याकडे आली. वेश बदलून रात्री फिरायचा, कुठल्या गल्लीत काय शिजतंय हे स्वतःच्या कानांनी ऐकायचा. एक किस्सा सांगतात, खरा किती देव जाणे, की त्याने गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनशी पैज लावली, तुमच्या बंगल्याच्या पहाऱ्यातून आत येऊन दाखवतो, आणि पहाटे झाडूवाला बनून साहेबाच्या खोलीत हजर.

आता जे खरंच घडलं ते सांगतो. १८५७. मुंबईतल्या देशी पलटणींत दिवाळीत उठाव करायचा बेत ठरत होता, आणि बैठका सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी चालायच्या (सोनापूर म्हणजे आपल्या मरीन लाइन्स स्टेशनजवळचा भाग). फोर्जेटने गंगाप्रसादलाच आधी उचलला, बोलता केला, आणि त्याच घराच्या भिंतीला भोकं पाडून पलीकडच्या खोलीत स्वतः कान लावून बसला. एकदा तर मरीन बटालियनच्या मेजर बॅरोला सोबत नेलं, कारण लष्करी साहेब मानायलाच तयार नव्हते की आपली माणसं असं काही करतील. बॅरोने भोकातून पाहिलं तर समोर त्याचेच शिपाई. १५ ऑक्टोबर १८५७ ला दोघांना, मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा मंगल गाडिया, एस्प्लनेडवर (आताचं आझाद मैदान त्याच मोकळ्या जागेतलं) तोफेच्या तोंडी दिलं. आझाद मैदानावर क्रिकेट बघताना मला दर वेळी हे आठवतं.

माझं मत १८५५. ज्याला खबऱ्यांचं जाळं विणता आलं तो पहिला पोलीस.

लाल_बावटा_परळ
बाळासाहेब, लिहिलंय छान पण जरा थांबा. 'जबरी माणूस' कोणासाठी? तोफेच्या तोंडी गेले ते आपले. ज्याला तुम्ही खबऱ्यांचं जाळं म्हणताय त्याला आम्ही फितुरी म्हणतो. जगन्नाथ शंकरशेटांसारख्या माणसावर पण तेव्हा बंडवाल्यांशी संबंध म्हणून संशय घेतला गेला होता, पुढे काही निघालं नाही ते सोडा. या खात्याचं आधुनिक होणं हे नेहमी सरकारला भीती वाटली की झालंय. १८५७ ची भीती, १८९३ ची दंगल, १९०८ चा टिळकांचा खटला. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळ्या झेलल्या. पुढच्याच वर्षी एडवर्ड्ससारखा आयसीएस अधिकारी आणून बसवला आणि खात्याची फेररचना केली. नागरिकांच्या सोयीसाठी म्हणून केलेली एक सुधारणा दाखवा मला त्या शंभर वर्षांत.

ताडदेवचा_बाळ
मान्य, 'जबरी' शब्द मागे घेतो. कसबी म्हणू?

लाल_बावटा_परळ
चालेल. कसबी तर होताच.

मीरा_पार्ले
लाल बावटा, एक दाखवते. आगीचे बंब. मुंबईत आग विझवायचं काम आधी पोलिसांकडेच होतं, घोड्यांचे बंब. १८८० च्या दशकात ते हळूहळू म्युनिसिपालिटीकडे गेलं, आणि १८९० ला लंडनच्या दलातला माणूस आणून स्वतंत्र प्रमुख नेमला. आता ही सुधारणा पोलिसांनी केली असं म्हणायचं की पोलिसांच्या हातातून काढून केली, ते तुम्ही बघा.

लाल_बावटा_परळ
हाहा. काढून घेतली म्हणून सुधारली, माझाच मुद्दा.

काळा_कोट
वकील आहे, म्हणून मला साउटरच्या काळातली एकच गोष्ट सांगायचीय. बडोदा विषप्रयोग प्रकरण. तपास मुंबई पोलिसांचा होता म्हणून इथे लिहितोय.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचा रेसिडेंट (संस्थानात बसवलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअर, रोज सकाळी फिरून आला की पपनसाचं सरबत प्यायचा. त्या दिवशी दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने बघितलं, मग मुंबईच्या केमिकल ॲनालायझरकडे पाठवलं, निघाला सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड. संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर. स्थानिक तपास रेंगाळला तेव्हा मुंबईहून साउटरला पाठवलं, सोबत डिटेक्टिव्हचे अकबर अली आणि अब्दुल अली.

आता गंमत बघा. रेसिडेन्सीतलाच रावजी नावाचा हवालदार कबूल झाला, आणि अकबर अलीने त्याच्या कमरेचा पट्टा तपासला तर त्यात सोमलाची पुडी! इतके आठवडे ती पुडी तिथेच? मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन (नामांकित वकील, पोलीस-लष्करातला सार्जंट नव्हे) आला होता, त्याने उलटतपासणीत या पुडीवरून पोलिसांना असा पिळला की विचारू नका. पुडी सापडली की ठेवली? आज दीडशे वर्षांनी सेशन्स कोर्टात बचावाचा वकील हाच प्रश्न विचारतो, फक्त पुडीच्या जागी मोबाइल असतो. या खटल्यासाठी नेमलेल्या चौकशी कमिशनवर सहा जण, तीन इंग्रज म्हणाले दोषी. तीन हिंदी सभासद, ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव, म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन-तीन. तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच, कारण दिलं राज्यकारभार वाईट.

तर माझ्या लेखी आधुनिक पोलीस इथे दिसतात. रासायनिक तपासणी, दुसऱ्या संस्थानात जाऊन केलेला तपास, कबुलीजबाब, जप्ती, आणि त्या सगळ्याचं उघड कोर्टात वाभाडं निघणं. शेवटचं नसेल तर बाकी सगळं कोतवालाकडेही होतं.

मोडी_वाचक
कोट साहेब _/\_ धाग्याचे पैसे वसूल.

टवाळ_टिंग्या
साउटर म्हणजे आपल्यातलेच सुतार असणार. साउटर, सुतार. रत्नागिरीकडचे.

खडूस_काका
टिंग्या, तुझा आयडी ब्लॉक करायची पद्धत काय आहे इथे?

पण आग्रीपाड्याकडे साउटर स्ट्रीट आहे खरा. त्या माणसाच्या नोकरीची सुरुवात आठवा जरा. १८६४, अमेरिकेत यादवी, कापसाचा भाव आकाशाला, मुंबईत पैशाचा पाऊस. त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबई ८,१६,५६२. पुढच्याच वर्षी लढाई संपली, भाव कोसळला, बँका बुडाल्या, शेअरवाले भिकेला लागले. १८७२ ला लोकसंख्या ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणूस कमी! म्हणजे आधी सूज आलेलं शहर सांभाळायचं आणि मग बुडालेलं. मी १८६४ वर ठाम का, तर शहर आपल्या आजच्या मुंबईसारखं तेव्हा पहिल्यांदा वागलं.

नायगावचा_पोर
इतका वेळ नुसता वाचत होतो. तुम्ही सगळे साहेबांबद्दल बोलताय, फोर्जेट, साउटर, एडवर्ड्स. शिपायांबद्दल कोण बोलणार?

आमचे आजोबा संगमेश्वरकडून आले, स्वातंत्र्याच्या आधी भरती झाले. वडीलही खात्यातच. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो, एक खोली, १६० चौरस फूट, संडास कॉमन. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यातल्या बऱ्याच पोलिसांकडे गेल्या. त्याच्या आधी शिपाई कुठे राहायचे? जिथे भाडं परवडेल तिथे, कोणाच्याही गाळ्यात पाच-सहा जण मिळून. एडवर्ड्सच्या इतिहासात राहण्याच्या सोयीची ही रड पुन्हा पुन्हा येते. ज्या वस्तीवर नजर ठेवायची त्याच वस्तीत उधारीवर राहायचं, मग नजर कशी ठेवणार?

घरातलं सांगतो. रविवारी संध्याकाळी वडील खाटेवर पेपर पसरून बसायचे. ब्रासोची डबी, जुन्या बनियनचा बोळा, आणि पट्ट्याचं बक्कल. आम्हा पोरांना ते घासायला मिळावं म्हणून भांडणं व्हायची. बक्कल नंबर आमच्या घरात सगळ्यांना पाठ, शाळेच्या रोल नंबरसारखा. वडिलांना ऑफिसातून फोन आला तरी नाव कोणी सांगायचं नाही, नंबर सांगायचे. मी एकदा विचारलं बाबा तुम्हाला नावाने हाक मारत नाहीत का, तर म्हणाले "मारतात की, चूक झाली की."

गणपतीत तर गंमतच. मुंबईतल्या सगळ्यांचे गणपती हे पोचवणार चौपाटीवर उभे राहून, आणि आमच्या घरचा गणपती दर वर्षी खालच्या मजल्यावरचे काका न्यायचे, कारण बाबा बंदोबस्तात. दीड दिवसाचा असो नाहीतर पाच, मी बाबांना आमच्या गणपतीच्या विसर्जनाला कधीच पाहिलं नाही. रात्री दोन-तीनला यायचे, बूट काढले की पाय सुजलेले, आई परातीत गरम पाणी आणि मीठ घेऊन बसायची.

तर माझं साल लिहा, २०१६. देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्यूटी सुरू झाली ते. प्रयोग म्हणून का होईना.

अदिती_एन
😢 यावर काय लिहायचं.

भंडारी_बोलतोय
नायगावचा, नमस्कार घ्या बाबांना.

निवृत्त_जमादार
मी खात्यात ३४ वर्षे काढली. नायगावच्या पोराने लिहिले ते सत्य आहे. टायपिंग हळू आहे, समजून घ्यावे.

२०१६ बद्दल. चांगले होते पण माणूसबळ कमी, सण आला की पुन्हा बारा तास. त्यामुळे जन्मसाल म्हणता येणार नाही, बारसे म्हणा.

माझे मत विचाराल तर स्टेशन डायरी. कुठल्या साली आली ते मला माहीत नाही पण ज्या दिवशी किती वाजता कोण आला, काय सांगितले, कोण कुठे गेला हे लिहून ठेवणे सक्तीचे झाले त्या दिवशी खाते झाले. साहेब खोटे बोलेल, खबऱ्या खोटे बोलेल, आरोपी तर बोलणारच. डायरीत खाडाखोड केली की दिसते. मी नवीन असताना एका ठाण्यात (नाव घेत नाही) वरिष्ठांनी मला एक नोंद नंतरच्या वेळेची आधीची करून लिही सांगितले. मी लिहिले नाही. तीन महिने रात्रपाळी लागली. चालायचेच.

काळा_कोट
जमादार साहेब, कोर्टात तुमच्यासारखा साक्षीदार आला की आम्ही बचाववाले घाबरतो.

निवृत्त_जमादार
मला पण वकिलांची भीती वाटायची. फिट्टंफाट.

पुणेरी_चिवडा
ड्रेसबद्दल कोणी लिहा की. मी लहानपणी मुंबईला मावशीकडे यायचो तेव्हाचे हवालदार आठवतात, गडद निळा शर्ट, निळी हाफ पँट आणि डोक्यावर ती पिवळी चपटी टोपी. आमच्याकडे खाकी, म्हणून मला वाटायचं हे वेगळ्या देशाचे पोलीस आहेत.

शिवडीकर
हाफ पँटीत साठ किलोचा माणूस साठ वर्षांच्या गुंडाला कसा धाक दाखवायचा हे एक कोडंच होतं.

टवाळ_टिंग्या
आणि घोडे? घोड्यांचं कोण लिहिणार?

मोडी_वाचक
घोडदळ होतं, गर्दी आवरायला उंचावरून बरं पडतं. १९३२ ला बंद केलं, रस्त्यावर मोटारी वाढल्या म्हणून. मग जानेवारी २०२० मध्ये ८८ वर्षांनी पुन्हा सुरू करतोय अशी घोषणा झाली. कारण काय दिलं? गर्दी वाढली म्हणून 😀 आधुनिकीकरण गोल फिरून तिथेच.

मीरा_पार्ले
इमारतीचं राहिलंच की, चाळकरींच्या भाच्याने तीच तर बघितली. त्याआधी मुख्यालय भायखळ्याला भाड्याच्या जागेत होतं. ही इमारत नोव्हेंबर १८९४ ला सुरू आणि डिसेंबर १८९६ ला पूर्ण. आता तारीख बघा. सप्टेंबर १८९६ ला मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला होता. म्हणजे शेवटचे दगड बसत होते तेव्हा बोरीबंदरला गाड्या भरभरून माणसं गावाकडे पळत होती. नवं कोरं मुख्यालय आणि समोर ओस पडत चाललेलं शहर. आणि पोलिसांच्या वाट्याला पहिलं मोठं काम आलं ते रोगी शोधायला घराघरात शिरणाऱ्या पथकांबरोबर दारात उभं राहायचं. लोकांना नको होतं, आणि त्या शिपायांना तरी कुठे हवं असेल, प्लेग त्यांनाही होतच होता की.

लाल_बावटा_परळ
मीरा, हा मुद्दा मला पटला. यात मी शिपायाच्या बाजूने.

खडूस_काका
आज सूर्य पश्चिमेला उगवला.

शिवडीकर
कोणी १९४७ म्हणालं नाही अजून. १५ ऑगस्टला जे. एस. भरुचांनी कमिशनरपद घेतलं, पहिला भारतीय. साउटरपासून ८३ वर्षं लागली.

लाल_बावटा_परळ
आणि कायदा बदलायला आणखी चार. १९०२ चा सिटी पोलीस ॲक्ट जाऊन १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. त्यातली किती कलमं खरंच नवी होती हा वेगळा धागा काढू.

चाळकरी
बापरे, दोन दिवस ऑफिसच्या कामात होतो, एवढं सगळं झालं. सगळ्यांचं वाचलं. भाच्याला बसवून एकेक प्रतिसाद वाचून दाखवला (टिंग्याचे वगळून). त्याच्या बाईंना एकच साल हवंय, चार्टवर मोठ्या अक्षरात. मी म्हटलं तू ठरव.

त्याने १८६४ लिहिलं. काका खूश. पण खाली लहान अक्षरात यादी केलीय, १६६९ माहीम-शिवडी-शीव, १७९३ चे १४ विभाग, १८३२ कुत्रं आठ आणे (हे त्याला सगळ्यात आवडलं, चित्र काढलंय), १८५७ भिंतीचं भोक, १८७४ सरबत, १८९६ इमारत, २०१६ देवनार. जमादार साहेब, स्टेशन डायरीला साल नाही म्हणून त्याने ती चार्टच्या मधोमध काढलीय, उघडी वही आणि पेन.

शेवटी एक हवालदार काढलाय, पिवळ्या टोपीचा, पट्ट्यावर बक्कल सोनेरी स्केचपेनने. मला विचारत होता बक्कलवर नंबर कुठला टाकू. नायगावचा पोर, तुमची हरकत नसेल तर?

नायगावचा_पोर
नंबर इथे नको, मेसेज करतो. बक्कल सोनेरी नको म्हणावं, पितळी कर. आणि जरा घासलेलं दिसू दे.